वाचक विचारतात : व्हाइसरॉयचा महाल आणि पुस्तकं

प्रश्न : मेमध्ये आम्ही सिमल्याला गेलो होतो. व्हाइसरॉयच्या महालापाशी टॅक्सीवाला म्हणाला, ‘इंदिराजी आणि भुट्टोंचा करार इथंच झाला.’ हे खरं का? आणि एवढ्या शाही वास्तूत संशोधन संस्था कशी आली?

उत्तर : टॅक्सीवाल्याने चुकीचा महाल दाखवला. १९७२चा भारत-पाकिस्तान सिमला करार बार्न्स कोर्टात झाला, म्हणजे आजच्या राज्यपालांच्या निवासस्थानी. तुम्ही पाहिलात तो ऑब्झर्व्हेटरी हिलवरचा व्हाइसरीगल लॉज.

सरकार उन्हाळ्यात कलकत्त्याहून सिमल्याला हलवायची रीत १८६४पासूनची. पण व्हाइसरॉय राहायचे पीटरहॉफ नावाच्या अडचणीच्या घरात. (याच पीटरहॉफमध्ये पुढे पंजाब उच्च न्यायालय बसत असे आणि १९४९ साली गांधीहत्या खटल्यातलं अपील तिथंच चाललं.) लॉर्ड डफरिन यांनी हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडून नवा लॉज बांधून घेतला आणि जुलै १८८८मध्ये ते तिथं राहायला गेले. करड्या दगडाच्या भिंती, आत ब्रह्मदेशी सागवान, देवदार, अक्रोड. विजेचे दिवे पहिल्यापासून. मला मात्र झुंबरांपेक्षा आग विझवायची सोय जास्त आवडते. पाण्याच्या नळ्यांची तोंडं मेणाने बंद केलेली. आगीची धग लागली की मेण वितळणार आणि पाणी आपोआप सुटणार! हिरवळीखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्याही आहेत.

राजकारण इथं भरपूर शिजलं. जून-जुलै १९४५मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी बोलावलेली भारतीय नेत्यांची परिषद इथंच फिसकटली. मे १९४७मध्ये नेहरू इथं माउंटबॅटन यांचे पाहुणे होते. एका रात्री यजमानांनी सत्तांतराची योजना त्यांच्या हातात ठेवली. ती वाचून नेहरू असे काही भडकले, की माउंटबॅटन यांचे सल्लागार व्ही. पी. मेनन यांना दुसऱ्या दिवशी काही तासांत नवा मसुदा लिहावा लागला. टॅक्सीवाल्यांनी खरं तर ही गोष्ट सांगायला हवी.

स्वातंत्र्यानंतर लॉजचं ‘राष्ट्रपती निवास’ झालं. वर्षातले थोडे दिवस राष्ट्रपती येणार, एरवी कुलपं. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. राधाकृष्णन मुळात प्राध्यापक. त्यांना ही उधळपट्टी खटकली नसती तरच नवल. त्यांच्या पुढाकाराने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी ही संशोधन संस्था उभी राहिली आणि २० ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांच्याच हस्ते तिचं उद्घाटन झालं. इतिहासकार नीहाररंजन राय पहिले संचालक. बॉलरूममध्ये ग्रंथालय आलं. देशोदेशीचे अभ्यासक इथं येऊन राहतात, लिहितात. ऐंशीच्या दशकात म्यानमारच्या नेत्या आंग सान स्यू की याही इथं फेलो होत्या.

राष्ट्रपतींची उन्हाळ्याची सोय बुडाली असं मात्र समजू नका. सिमल्याजवळ मशोबऱ्याला त्यांच्यासाठी ‘रिट्रीट’ आहे. लॉजच्या मानाने बरंच आटोपशीर.