परक्या युद्धाच्या आरशात स्वतःचे सैन्य

स्वतः पराभव न पत्करता, केवळ दुसऱ्यांचे युद्ध पाहून एखाद्या देशाने आपले सैन्य बदलल्याचे उदाहरण आपण विचारले आहे. मला सर्वांत बोलके वाटते ते १९९१ च्या आखाती युद्धाचे आणि त्यावरून धडा घेणाऱ्या चीनचे.

त्या युद्धात चीन लढत नव्हता. तरीही इराकची वाताहत पाहून चिनी सेनाधिकारी हादरले, कारण इराकच्या सैन्यात त्यांना स्वतःचेच सैन्य दिसत होते: संख्येने प्रचंड, भूदलावर भिस्त ठेवणारे आणि बरेचसे जुन्या सोव्हिएत धाटणीच्या शस्त्रांवर विसंबलेले. इराकच्या ताफ्यात तर चिनी बनावटीचे टाइप ५९ आणि टाइप ६९ रणगाडेही होते. अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीने सुमारे सहा आठवडे हवाई हल्ले करून या सैन्याची रडार, दळणवळण आणि रसद मोडून काढली, आणि त्यानंतरची जमिनीवरील मोहीम अवघ्या शंभर तासांत आटोपली.

जानेवारी १९९३ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे तेव्हाचे प्रमुख जियांग झेमिन यांच्या नेतृत्वाखाली चीनने नवे लष्करी धोरण स्वीकारले; आधुनिक, विशेषतः उच्च तंत्रज्ञानाच्या परिस्थितीत होणाऱ्या मर्यादित युद्धांची तयारी हा त्याचा गाभा होता. शस्त्रे बदलणे त्यातल्या त्यात सोपे होते, कारण ती रशियाकडून विकत घेता येत होती. सवयी आणि हितसंबंध मात्र विकत घेऊन बदलत नाहीत. तेव्हा हे सैन्य हॉटेले आणि कारखाने चालवून पैसा कमावत होते, आणि ते धंदे सोडण्याचा आदेश जियांग यांना १९९८ मध्ये द्यावा लागला. त्याआधीच, १९९७ मध्ये, पाच लाखांच्या कपातीची घोषणा झाली होती.

खरा अडसर रचनेचा होता. भूदल, नौदल आणि हवाई दल यांनी एका सेनापतीखाली लढले पाहिजे, हे १९९१ मध्येच उघड झाले होते. पण भूदलाचे वर्चस्व असलेले सात लष्करी प्रदेश मोडून पाच संयुक्त थिएटर कमांड (एका भूभागातील तिन्ही दले एकाच सेनापतीखाली आणणारे विभाग) उभ्या राहिल्या त्या थेट फेब्रुवारी २०१६ मध्ये, शी जिनपिंग यांच्या काळात. त्याआधी शू त्साईहौ आणि ग्वो बोशिओंग या केंद्रीय लष्करी आयोगाच्या (चिनी सैन्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या सर्वोच्च संस्थेच्या) दोन माजी उपाध्यक्षांवर लाचखोरीची कारवाई झाली होती. उणीव दिसणे आणि ती दूर होणे यांत पंचवीस वर्षे गेली, याचे मुख्य कारण मला पदे, बढत्या आणि अधिकार गमावण्याची भीती हेच वाटते.

या फेररचनेचा आपल्याशी थेट संबंध आहे. पूर्वी लडाखसमोरचा भाग लान्झोउ प्रदेशाकडे आणि अरुणाचल प्रदेशासमोरचा चेंगडू प्रदेशाकडे होता. आता भारताला लागलेली संपूर्ण सीमा एकाच पश्चिम थिएटर कमांडकडे आहे, आणि २०२० मध्ये पूर्व लडाखात आपल्या जवानांसमोर उभे ठाकलेले सैन्य याच कमांडच्या अधिकाराखालचे होते.