जॉनी टोरियोवर लिहायला घेतलंस, तर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा खर्डा वाचला. विषय चांगला निवडला आहेस. शिकागोचा कुप्रसिद्ध टोळीप्रमुख अल कपोन याच्यावर सगळेच लिहितात. पण ज्याने कपोनला शिकागोत आणलं, धंदा शिकवला आणि चालती गादी त्याच्या हाती देऊन जो बाजूला झाला, त्या जॉनी टोरियोबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. तू मेहनत घेतली आहेस हे पानोपानी दिसतं. तरी तुझं पहिलंच वाक्य मला खटकलं. इटलीच्या मातीतली गुन्हेगारी त्याने जहाजातून अमेरिकेत नेली, असं तू लिहितोस. वाचायला छान वाटतं, पण ते खरं नाही, आणि या एका वाक्यामुळे पुढचा सगळा लेख वाकडा गेला आहे.

टोरियो १८८२ साली दक्षिण इटलीत जन्मला. वडील अपघातात गेले आणि १८८४ मध्ये विधवा आई त्याला घेऊन न्यूयॉर्कला आली. दोन वर्षांचं पोर काय घेऊन येणार? आईने दुसरं लग्न केलं. सावत्र बापाचं किराणा दुकान होतं आणि दुकानाआड विनापरवाना दारू विकली जायची. तिथे त्याने पहिला धडा घेतला. पुढे तो फाइव्ह पॉइंट्स टोळीत शिरला. पॉल केली हा त्या टोळीचा म्होरक्या. निवडणुकीच्या दिवशी टॅमनी हॉलच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या यंत्रणेच्या, पुढाऱ्यांना हीच पोरं हवी असत, एकाच्या नावावर दुसऱ्याने मत टाकायला आणि विरोधकांच्या मतदारांना घाबरवून परत पाठवायला. म्हणजे मतदान, पोलीस आणि दारूचा गुत्ता यांचं नातं टोरियो न्यूयॉर्कमध्ये शिकला, अमेरिकन पुढाऱ्यांच्या हाताखाली शिकला. तुझ्या लेखात हे दोन ओळींत उरकलं आहे. इथे थांब, चार परिच्छेद लिही. माणूस इथे घडतो आहे.

आणि इटालियन स्थलांतरितांबद्दल लिहिताना जपून लिही. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत आले. त्यांनी भुयारी रेल्वेचे बोगदे खणले, विटा वाहिल्या, कपडे शिवले. १४ मार्च १८९१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार मारलं. त्यातले काही जण आदल्याच दिवशी न्यायालयातून निर्दोष ठरले होते. 'माफिया' हा शब्द तेव्हापासून अख्ख्या समाजाच्या माथी मारला गेला. १९२४च्या स्थलांतर कायद्याने तर इटलीचा कोटा वर्षाला ३,८४५ माणसांवर आणून ठेवला. तू सहज लिहिलेलं वाक्य त्या काळात अमेरिकेच्या संसदेत गंभीरपणे बोललं जात होतं, हे तुला माहीत असायला हवं.

'ब्लॅक हँड'च्या खंडणीची पत्रं कुणाला यायची तेही बघ. इटालियन वाण्याला, इटालियन बेकरीवाल्याला. पत्रावर काळा पंजा, आत पैशांची मागणी, नाहीतर दुकानात बॉम्ब. त्याविरुद्ध १९०७ मध्ये शिकागोतल्या इटालियनांनीच 'व्हाइट हँड' नावाची संस्था काढली. न्यूयॉर्क पोलिसांतला जोसेफ पेत्रोसिनो हाही इटलीहून लहानपणी आलेला. या खंडणीखोरांची पाळंमुळं शोधायला तो पालेर्मोला गेला आणि १२ मार्च १९०९ रोजी तिथे त्याला गोळ्या घातल्या. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली होती. तुझ्या लेखात पेत्रोसिनोचं नावही नाही. एकाच किनाऱ्यावर उतरलेल्या दोन पोरांची ही गोष्ट आहे, त्यातल्या एकाचीच तू सांगतोस.

टोरियो शिकागोला गेला तोही ब्लॅक हँडमुळेच. तिथला बिग जिम कोलोसिमो कॅलाब्रियातून आलेला, रस्ते झाडणारा माणूस. झाडूवाल्यांची मतं एकत्र करून तो प्रभागातल्या नगरसेवकांच्या मर्जीत बसला आणि बघता बघता वेश्यागृहांचा मालक झाला. त्याला खंडणीची पत्रं येऊ लागली, तेव्हा बंदोबस्ताला त्याने १९०९च्या सुमारास टोरियोला बोलावून घेतलं. बंदोबस्त झाला. मग टोरियो कोलोसिमोचा कारभार बघू लागला.

आता तुझ्या खर्ड्यातला तो परिच्छेद, ज्यावर मी लाल पेन्सिलने मोठी रेघ मारली आहे. टोरियो पीत नसे, सिगारेट ओढत नसे, शिवी देत नसे, संध्याकाळी घरी जाऊन बायकोबरोबर संगीत ऐकत असे, असं तू फार प्रेमाने लिहिलं आहेस. असेल तसं. बहुतेकांनी त्याच्याबद्दल हेच लिहून ठेवलंय. पण दिवसभर तो काय करत होता? लेव्ही नावाच्या वस्तीत आणि पुढे ती बंद पडल्यावर शिकागोच्या वेशीबाहेरच्या बर्नहॅमसारख्या गावांत तो बायकांचा बाजार चालवत होता. त्या काळी मुलींना फसवून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचे प्रकार इतके बोलले जात होते की १९१० मध्ये त्याविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला. दारूबंदी यायच्या आधी दहा वर्षं टोरियोचं पोट या धंद्यावर भरत होतं. त्याच्या सभ्यपणाला ज्यांनी किंमत मोजली, त्या बायकांना तुझ्या लेखात एक ओळसुद्धा नाही. त्यांची नावं सापडायची नाहीत, हे मला कळतं. पण नाव नाही म्हणून बाई नव्हती असं होत नाही. खोलीचं भाडं, दलालाचा वाटा, पोलिसांचा हप्ता हे सगळं तिच्या कमाईतून जायचं, एवढं तरी लिही. हे वाचल्यावर त्याचं घरी जाऊन संगीत ऐकणं वाचकाला वेगळं ऐकू येईल.

१७ जानेवारी १९२० रोजी दारूबंदी अमलात आली. कोलोसिमोला या नव्या धंद्यात फार रस नव्हता, असं म्हणतात. ११ मे १९२० रोजी त्याच्याच कॅफेत त्याला कुणीतरी गोळी घातली. संशय न्यूयॉर्कचा गुंड फ्रँकी येल याच्यावर गेला, शिक्षा कुणालाच झाली नाही. टोरियोने खून करवला असं तू ठामपणे लिहिलं आहेस. तिथे 'संशय' हा शब्द घाल आणि पुढे जा. तुझी नजर अंत्ययात्रेकडे वळू दे. न्यायाधीश, नगरसेवक, काँग्रेसचे म्हणजे अमेरिकन संसदेचे सदस्य अशी मंडळी त्या वेश्यागृहाच्या मालकाला मानवंदना द्यायला आली होती. शिकागो कोण चालवत होतं, हे त्या एका यादीत दिसतं.

यापुढचा भाग तू फार घाईने लिहिला आहेस, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. दारू बनायची कशी, पोहोचायची कशी, हे वाचकाला कळू दे. कायद्याने अर्ध्या टक्क्याहून कमी मद्यार्काची बिअर चालत होती. ती करायची तर आधी खरी बिअर करून तिच्यातला मद्यार्क काढून टाकावा लागतो. ब्रुअरी उघडी ठेवायची आणि ही शेवटची पायरी गाळायची, एवढीच मेख होती. टोरियोने जोसेफ स्टेन्सन या जुन्या, प्रतिष्ठित ब्रुअरी घराण्यातल्या माणसाशी भागीदारी केली. यंत्रं, मुरलेले कारागीर, पिंपं सगळं तयारच होतं. टोरियोने त्यावर ट्रक, पहारा आणि पोलिसांचं पाकीट चढवलं. मग शहर वाटून घेतलं. या रस्त्यापर्यंत तुझं, त्या पुलापलीकडे त्याचं, आणि कुणी कुणाच्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही.

कडक दारूचा मार्ग निराळा. मार्सालाहून आलेल्या जेना भावांकडे औद्योगिक मद्यार्काचा सरकारी परवाना होता. त्याच्या आडोशाने त्यांनी लिटल इटलीतल्या घराघरांत छोट्या भट्ट्या लावून दिल्या. साखर आणि यीस्ट त्यांचं. राखण घरच्या माणसांची. दिवसाला १५ डॉलर मिळायचे. खणती-बांधणीच्या कामावर जाणाऱ्या बापाला हे पैसे स्वप्नात दिसायचे नाहीत. पण भट्टी फुटली तर घरात कोण असणार? बाई आणि मुलं. माझं म्हणणं इतकंच आहे की तुझा कॅमेरा, म्हणजे तुझी लेखणी, त्या स्वयंपाकघरात काही वेळ थांबू दे. टोरियोच्या मोटारीत तो बराच वेळ बसून झाला.

दारूबंदी म्हणजे मूर्खपणा, हे तुझं सोपं मतही मला पटत नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर सगळं उडवून घरी येऊन मारणाऱ्या नवऱ्यांच्या बायका कित्येक वर्षं या मागणीसाठी चर्चच्या सभागृहांत आणि रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं दुःख खरं होतं. त्यांच्या शेजारी मात्र परदेशातून आलेल्या कॅथलिक लोकांचा तिटकारा करणारेही उभे होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने दारूबंदीचा झेंडा मिरवला. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिही. घरच्या जेवणाबरोबर वाइन पिणाऱ्या इटालियन कुटुंबाला एका रात्रीत गुन्हेगाराच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं असणार. घरापुरता फळांचा रस करायला कायद्यात वाट होती, म्हणून कॅलिफोर्नियाची द्राक्षं आगगाडीने शहरोशहरी जाऊ लागली आणि तळघरांत पिंपं भरली. त्या तळघरातला बाप आणि टोरियो यांत फरक करायला तुझ्या वाचकाला शिकव.

मुंबईची तुलना तू शेवटी घातली आहेस, १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, हातभट्ट्या आणि वरदराजन. तुलना चुकीची नाही. पण मराठी वाचकाला परमिट आणि हातभट्टी सांगावी लागत नाही, शिकागोतला हप्ता वाचताना त्याला ते आपोआप आठवेल. ती पानं काढ, जागा शिकागोला दे.

गोळीबाराचे प्रसंग तू रंगवून लिहिले आहेस. त्यातले बरेच कमी कर. १९२३ मध्ये विल्यम डेव्हर महापौर झाला, त्याने पोलिसांना कामाला लावलं, तेव्हा टोरियोने बस्तान सिसेरो या उपनगरात हलवलं. १ एप्रिल १९२४च्या तिथल्या निवडणुकीत मतदारांना पिस्तुलं दाखवली गेली आणि पोलिसांच्या गोळीने कपोनचा भाऊ फ्रँक मेला. पुढच्याच महिन्यात शिकागोच्या उत्तर भागातल्या टोळीचा म्होरक्या डीन ओबॅनियन याने टोरियोला फसवलं. सीबेन ब्रुअरीतला आपला हिस्सा त्याला मोठ्या रकमेला विकला आणि १९ मे १९२४च्या धाडीत अडकवलं. धाड पडणार हे ओबॅनियनला आधीच कळलं होतं, म्हणजे पोलीस खात्यात त्याचाही माणूस होता. टोरियोला आधी एकदा दंड झालेला, त्यामुळे या खेपेला तुरुंग अटळ होता. १० नोव्हेंबरला ओबॅनियन स्वतःच्या फुलांच्या दुकानात मारला गेला. इतकं पुरे.

२४ जानेवारी १९२५ची घटना मात्र सविस्तर लिही, पण वेगळ्या जागेवरून. बायकोबरोबर खरेदी करून परतलेल्या टोरियोला घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. तो वाचला. कुणी मारलं हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही, आणि तू या मौनाला 'शब्दाला जागणं' म्हटलं आहेस. त्याच ठिकाणी असलेल्या एका कोवळ्या मुलाने ओबॅनियनच्या टोळीतल्या बग्ज मोरनला ओळखून पोलिसांसमोर बोट दाखवलं होतं. त्या मुलाकडे ना टोळी होती, ना पहारेकरी. टोरियो गप्प राहिला आणि मुलाची साक्ष वाया गेली. त्या दिवशीचं धाडस कुणाचं होतं, हे ठरवताना घाई करू नकोस.

त्यानंतर टोरियो तुरुंगात राहिला, कारभार कपोनला सोपवून निघून गेला, काही काळ इटलीत होता. 'शहाणा माणूस वेळेवर बाहेर पडला' असं तू म्हणतोस. पण तो बाहेर पडला नाही. अमेरिकेत परतून न्यूयॉर्कमध्ये पुन्हा दारूच्या व्यवहारात शिरला, आणि ५ डिसेंबर १९३३ला दारूबंदी उठल्यावर घाऊक व्यापारात मागच्या दाराने भागीदार झाला. गुन्ह्यातून आलेल्या पैशावरही आयकर भरावा लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये दिला होता. त्याच वाटेने १९३१ मध्ये कपोन अकरा वर्षांसाठी आत गेला. टोरियोने १९३९ मध्ये करचुकवेगिरी कबूल केली, त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. तुझ्या लेखात हे प्रकरण एका कंसात आहे. कराचे खटले वाचायला रूक्ष असतात, मान्य. पण या माणसाबद्दल शपथेवर बोललं गेलेलं सगळ्यात जास्त तिथेच सापडेल. बाकीचा बराच मजकूर वार्ताहरांनी ऐकून ऐकून लिहिलेला आहे. जुन्या वर्तमानपत्रांतली एखादी गोष्ट दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी मिळाली नाही, तर 'असं सांगतात' म्हणून लिही. त्याच्या तोंडचे चटपटीत संवाद सगळे गाळ.

आणखी एक नाव सुचवते. फिओरेल्लो ला ग्वार्डिया. जन्म १८८२, टोरियोचाच. वडील दक्षिण इटलीतून आलेले. काँग्रेसमध्ये बसून तो दारूबंदीविरुद्ध उघड बोलला, कायद्यातला फोलपणा दाखवायला १९२६ मध्ये सगळ्यांसमोर बिअर मिसळून प्यायला, आणि १९३४ मध्ये न्यूयॉर्कचा महापौर झाल्यावर गुंडांच्या जुगाराची यंत्रं त्याने घणाने फोडली. तोच कायदा त्यालाही जाचक वाटत होता. त्याने काय केलं आणि टोरियोने काय केलं, हे एकापुढे एक मांडलंस तर 'परिस्थितीने त्याला गुन्हेगार केलं' हे तुझं वाक्य तुलाच पुन्हा तपासावंसं वाटेल. परिस्थिती होती, ती पूर्ण लिही. पण निवड त्याची होती, तीही लिही.

टोरियो १६ एप्रिल १९५७ रोजी ब्रुकलिनमध्ये न्हाव्याच्या खुर्चीत हृदयविकाराने गेला. तुझ्या लेखाचा शेवट तिथे करू नकोस, तो प्रसंग फारच सोयीचा आहे. १९३९च्या खटल्यापर्यंत आणून सोड. पुढचा खर्डा तयार झाला की आधी ब्रुअरीचा आणि भट्ट्यांचा भाग वेगळा पाठव, तो मी आधी वाचेन. तारखांच्या पुढे समासात कुठून घेतल्या ते लिहीत जा, म्हणजे तपासायला सोपं जाईल.

तुझी,
बाई