कानबाईनंतरच्या सोमवारी गंगाफळाचं साधं सूप

ताई, मलई लागत नाही आणि कॉर्नफ्लोअरही लागत नाही. तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवार कानबाईच्या (आपल्या खान्देशात श्रावणात घरी बसवतात त्या देवीच्या) रोटांच्या नैवेद्यात आणि पाहुण्यांत गेला, सोमवारी सकाळी विसर्जन झालं, आता पुरण आणि रशी, म्हणजे कटाची झणझणीत आमटी, खाऊन सगळ्यांची पोटं जड आहेत. त्यात सासऱ्यांचा श्रावणी सोमवार संध्याकाळी सुटायचा आहे, मुलांना सूप हवंय, अर्धं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, तसंच पडलंय आणि तुमच्या अंगात फार काही करायचं त्राण नाही. पाकीट आणावं का, असं विचारलंत. आणू नका. पाकिटात मीठ आणि पीठच जास्त असतं, आणि दोन दिवस तेलकट-गोड खाल्ल्यावर नेमकं तेच नको असतं. घरात जे उरलंय त्यातूनच अर्ध्या-पाऊण तासात चांगलं सूप होतं, आणि त्यातला बराचसा वेळ कुकर एकटाच काम करतो.

सूप पांचट का होतं, ते आधी बघा. नुसती भाजी पाण्यात उकळून वाटली की पाणी वेगळं आणि चोथा वेगळा राहतो. मग लोक पीठ लावतात. त्याऐवजी मूठभर मुगाची डाळ भाजीबरोबरच शिजवा. मुगाची डाळ पूर्ण विरघळते, पाणी आणि भाजी धरून ठेवते, आणि पोटालाही हलकी. आपल्याकडे आजारी माणसाला मुगाचं कढण देतात, ते याच गुणासाठी. सूप म्हणजे काही परकं प्रकरण नाही, कढणाचाच धागा पुढे नेलाय एवढंच.

पाच-सहा जणांसाठी अर्धा किलो गंगाफळ घ्या. साल जाड आणि हिरवी असेल तर काढा, कोवळी असेल तर कुकरमध्ये शिजून जाते. पाव वाटी मुगाची डाळ धुऊन ठेवा. कुकरमध्ये चमचाभर तूप, त्यात जिरं, बोटाच्या पेराएवढं आलं किसून आणि चिमूटभर हिंग. आता गंगाफळाच्या फोडी टाका आणि इथे घाई करू नका. चार-पाच मिनिटं मोठ्या आचेवर परता, कडा थोड्या तांबूस व्हायला हव्यात. गंगाफळात साखर असते, ती तुपात भाजली गेली की चवीला खोली येते. हा टप्पा गाळला तर सूप उकडलेल्या भाजीसारखं लागतं आणि मग त्यात कितीही मसाला घातला तरी ते सावरत नाही. पूर्ण सुपात मेहनत म्हणाल तर एवढीच.

मग डाळ, पाव चमचा हळद, मीठ आणि तीन वाट्या पाणी. वरून थेंबभर तेल टाका, म्हणजे डाळीचा फेस शिटीत चढत नाही. तीन शिट्या, मग बारीक आचेवर पाच मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या. तेवढ्या वेळात तुम्ही खरंच पाय पसरून बसा.

कुकर उघडल्यावर मिक्सरकडे धावू नका. उकळतं सूप मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण लावलं की वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. गंगाफळ आणि डाळ दोन्ही इतकी मऊ झालेली असतात की लाकडी घोटणीने दोन मिनिटांत एकजीव होतात. आपण वांगी घोटतो तसंच घोटायचं. मुलांना अगदी गुळगुळीत हवं असेल तर कोमट होऊ द्या, भांडं अर्धंच भरा आणि फिरवा. मग वाटी-दीड वाटी गरम पाणी घालून हवं तितकं पातळ करा आणि एक उकळी आणा. थंड पाणी ओतू नका, चव मरते.

फोडणी शेवटी. छोट्या कढल्यात तूप, जिरं, कढीपत्ता, जाडसर कुटलेली मिरी. गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस. गंगाफळ मुळात गोड आहे, म्हणून साखर किंवा गूळ अजिबात नको, आंबट मात्र हवंच. लिंबाशिवाय हे सूप बसकं लागतं.

सासरे चातुर्मास पाळत असतील तर वरच्या कृतीत कांदा-लसूण नाहीच, त्यांच्यासाठी वेगळं काही करायला नको. ज्यांना लसूण हवाय त्यांच्यासाठी कढल्यात चार पाकळ्या तेलात तांबूस करून त्यांच्या वाटीत वरून घाला. मुलांच्या वाटीत मिरी कमी. मोठ्यांना ठेचा ताटात वेगळा. एकाच भांड्यातून घरातल्या सगळ्यांना आपापलं मिळावं, हे थकलेल्या दिवशी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तीन प्रकार करायला लागलो की साधं सूप साधं राहत नाही. उपास सोडणाऱ्याला आधी एक वाटी सूपच द्या आणि बाकी जेवण थोड्या वेळाने.

सोबत ब्रेड आणायची गरज नाही. उन्हाळ्यात केलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, डब्यात असतील तर विस्तवावर भाजा आणि तुकडे करून सुपावर टाका. हॉटेलात सुपावर तळलेले पावाचे तुकडे देतात, त्यापेक्षा हे कितीतरी चांगले लागतात. बिबड्यात मीठ-तिखट असतं, म्हणून सुपात मीठ हात राखून. बिबडे नसतील तर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी कडक भाजून, तिचा पापुद्रा मोडून घाला. उडदाचा तो खरपूस वास गंगाफळाच्या गोडीवर फार छान बसतो.

रविवारच्या पुरणाचा कट उरला असेल तर तोही कामाचा आहे, पण दोन अटींवर. एक, तो मसाला घालण्याआधी बाजूला काढलेला साधा कट हवा. तयार रशी सुपात ओतली तर काळा मसाला आणि मीठ सगळं गिळून टाकतं. दुसरी अट, तो रात्रीच फ्रिजमध्ये गेलेला हवा. श्रावणातल्या दमट हवेत हरभऱ्याच्या डाळीचा कट ओट्यावर रात्रभर राहिला की आंबतो, आणि आंबलेला कट उकळून चालवून घेऊ नये, टाकावा. चांगला असेल तर वरच्या कृतीत तीनपैकी एक वाटी पाण्याच्या जागी घाला, हिंग थोडा वाढवा, कारण हरभऱ्याने गुबारा धरतो.

गंगाफळ संपलं असेल तर अख्ख्या मुगाचं करा. अर्धी वाटी मूग सकाळी भिजत घातले की संध्याकाळी पाच वाट्या पाण्यात पाच-सहा शिट्यांत मेण होतात. बोअरचं जड पाणी असेल तर कडधान्य शिजायला हट्ट करतं, म्हणून क्षार काढलेलं, आरओचं पिण्याचं पाणी वापरा. टोमॅटो किंवा आमसूल मूग शिजल्यावरच घाला, आधी आंबट पडलं की दाणा मऊ होत नाही.

रावेर-यावलकडच्या, म्हणजे जळगावच्या केळीच्या पट्ट्यातल्या, बायांना एक सांगते. घरात कच्ची केळी असतात, त्यातलं अर्धं केळं सोलून लगेच पाण्यात टाका, म्हणजे काळं पडत नाही, आणि डाळीऐवजी भाजीबरोबर शिजवा. दाटपणा तसाच येतो. चव जवळजवळ नसतेच, म्हणून दुधी किंवा टोमॅटोच्या सुपातही चालतं. दुधीला मात्र आलं दुप्पट घाला.

उरलं तर मोठं पातेलं तसंच गरम-गरम फ्रिजमध्ये ढकलू नका. दोन-तीन लहान डब्यांत पसरून ओता, म्हणजे लवकर निवतं, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी डाळीमुळे घट्ट झालेलं दिसेल, थोडं गरम पाणी घालून खळखळून उकळा आणि लिंबू परत नव्याने पिळा. लिंबू पिळलेलं सूप पुन्हा उकळलं की कडवटपणा येतो, म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा भाग लिंबाआधीच काढून ठेवलेला बरा.