आधी घरच्यांना दिसू दे

तुझ्या बाप्तिस्म्याला (ख्रिस्ती होण्याच्या जलविधीला) महिनाच झालाय आणि सगळ्यांना ख्रिस्ताविषयी सांगावंसं वाटतंय, हे ऐकून फार आनंद झाला. पण सुरुवात घरापासून कर. आईला रागाने उलट बोललास, तर त्याच दिवशी 'माझं चुकलं' म्हण. मी पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा आई हातातलं काम टाकून बघतच राहिली. मग तिनेच विचारलं, "हे कुठून आलं तुझ्यात?"

सुरुवातीच्या चुका दोनच सांगतो:

- न विचारता उपदेश. बायबलमधलं 1 पेत्र 3:15 आपल्या विश्वासाबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतं, तेही सौम्यतेने. वाद जिंकलास तरी माणूस दुरावतो.
- कौतुकासाठी चांगुलपणा. मत्तय 5:16 प्रमाणे सत्कर्मं पाहून गौरव स्वर्गातल्या पित्याचा, म्हणजे देवाचा व्हायचा, आपला नाही.

अवघड प्रश्नांची उत्तरं पुढे शिकशील. सध्या एकाच माणसासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना कर.