बाबा रोज तोच सिनेमा बघतात, डिमेन्शिया तर नाही ना?

परवा परत एका मुलीचा फोन आला आणि प्रश्न तोच. घरातलं वयस्कर माणूस रोज तेच ते जुने सिनेमे लावून बसतं, नवीन काही लावलं की उठून जातं नाहीतर खुर्चीतच झोपतं, हे डोक्याचं काही आहे का, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश तर नाही ना? हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. इथे इंदूरमध्ये माझ्याकडे आलेल्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सून आली होती, एकटीच. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, सासूबाई जाऊन दीड वर्ष झालेलं. ती म्हणाली, "ताई, बाबा आठवड्यातून चार वेळा 'अशी ही बनवाबनवी' बघतात, उरलेले दिवस दुसरे दोन जुने सिनेमे, बस. आम्ही मोठा टीव्ही घेतला, सगळे ॲप घेतले, शुक्रवारी मुद्दाम सगळे मिळून नवीन सिनेमा लावतो तर पंधरा मिनिटांत ते उठून आत जातात. काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात. मी नेटवर वाचलं, तेच तेच करणं हे डिमेन्शियाचं लक्षण असतं म्हणून." हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. तिच्या माहेरी आजीला हा आजार झालेला तिने जवळून पाहिला होता, त्यामुळे तिची भीती उगाचची नव्हती.

मी तिला आधी घरातल्या चार गोष्टी विचारल्या. आंघोळ, जेवण, झोप वेळेवर आहे का? आहे. पैशाचे व्यवहार? पेन्शन स्वतः जाऊन काढतात, हिशोब चोख. रस्ता चुकले कधी? नाही. एकच गोष्ट तासाभरात पुन्हा पुन्हा विचारतात का? थोडा विचार करून म्हणाली, "नाही, उलट ते विचारतच नाहीत काही. बोलणंच कमी केलंय." हे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

पुढच्या वेळी काका आले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला पेन. इंदूरच्या टॉकीज विचारल्या तर काय खुलले! रीगल, मधुमिलन, सपना-संगीता, कुठे कुठला सिनेमा पाहिला, तिकीट काय होतं, सगळं धडाधड. पण एक सांगते, जुनं लख्ख आठवतं म्हणून घरचे निर्धास्त होतात, ते बरोबर नाही. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, सहसा आधी ताजी आठवण जाते, जुनी बराच काळ टिकते. म्हणून मी कालचं विचारलं. काल सकाळी काय खाल्लं, भाजी काय भावाने आणली, नातीची परीक्षा कधी आहे. सगळं बरोबर. पोहे कुठल्या दुकानातले आणि त्यावर शेव कमी टाकली होती इथपर्यंत.

मग मध्येच एक झालं. मी मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं, "काका, झोप कशी लागते?" ते म्हणाले, "हो, सूनबाई चांगली आहे." मी वर बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी वही समोर धरली, तोंड झाकलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "चहा घेणार?" काका तसेच बसून राहिले, चेहऱ्यावर ते अर्धवट हसू, ज्याला ऐकू आलं नाही पण सांगायची लाज वाटते त्याचं असतं ना, तसं.

काका काम काय करायचे हे तोवर मी विचारलंच नव्हतं, आणि ही चूक माझी, ते पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. सतरा वर्षं ते कापड मिलमध्ये होते, साचेखात्यात म्हणजे मागांच्या खात्यात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडेपर्यंत. ज्यांनी ते खातं पाहिलंय त्यांना सांगायला नको, शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू यायचं नाही, हातवारे आणि ओठ बघूनच बोलायचे सगळे. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज म्हणजे कानाला धोका धरतात, आणि जुन्या मागांच्या खात्यात तो ९५-१०० पर्यंत जायचा. आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आणि आधी जातो तो उंच पट्टीचा आवाज, म्हणजे स, श, फ सारखी अक्षरं, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज. त्यामुळे माणूस बहिरा वाटत नाही, त्याला आवाज येतो पण शब्द लागत नाही. कुकरची शिट्टी, दाराची बेल ऐकू येते म्हणून घरचे म्हणतात ऐकू तर येतं यांना, आपल्या सोयीचं बरोबर ऐकतात. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकलं की मला त्रास होतो, कारण ते खरं नसतं आणि त्या माणसाला फार लागतं.

आता सिनेमाचं बघा. नवीन सिनेमात संवाद हळू, पात्रं पाठ फिरवून बोलतात, अंधारात बोलतात, वरून पार्श्वसंगीत. आणि आपले पातळ टीव्ही, त्यांचे स्पीकर बारके आणि मागे किंवा खाली तोंड केलेले. ज्यांचे कान चांगले आहेत तेही हल्ली आवाज वर खाली करत बसतात, मग काकांचं काय होत असेल.

पण बनवाबनवीच का, हे मला अजून कळायचं होतं. यावेळी समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश विचारलं. काका जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ही सांगायची ना मला."

सिनेमा १९८८ चा. यांनी तो पाहिला परदेशीपुऱ्यात, रात्रीपुरता व्हीसीआर आणि कॅसेट भाड्याने आणून, अख्खी गल्ली एका खोलीत. तेव्हाच यांना नीट ऐकू येईनासं झालं होतं, तर काकू शेजारी बसून प्रत्येक संवाद यांच्या कानाशी परत म्हणायच्या. आणि म्हणायच्या आधीच स्वतः हसायला लागायच्या, त्यामुळे यांना कळायचं की आता विनोद येणारे. पुढची तीसेक वर्षं तेच, टॉकीज असो की टीव्ही असो. घरात कुणाला पत्ताच लागला नाही की बाबांना इतकं कमी ऐकू येतं, कारण सासूबाई सगळं परत सांगायच्या आणि मुलांना वाटायचं आईला एकच गोष्ट दोनदा बोलायची सवय आहे. त्या गेल्या आणि घरातलं बोलणं, नवीन सिनेमे, फोन, सगळंच यांच्यासाठी मुकं झालं. उरले ते तीन सिनेमे, जे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

सून बाहेर बसली होती. काकांना विचारून तिला आत बोलावलं आणि त्यांच्या समोरच सांगितलं. ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही.

यानंतरचं काम साधं होतं पण वेळखाऊ. आधी कान-नाक-घसा डॉक्टर, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. दोन्ही कानांत मध्यम ते जास्त दोष निघाला. ऐकायचं मशीन लागलं. पहिले दोन महिने काका ते काढून डब्यात ठेवायचे, पंख्याचा आवाज, भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा. हे बऱ्याच जणांचं होतं, मेंदूला परत सवय व्हायला वेळ लागतो, रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचं, आणि सेटिंगसाठी दोनतीनदा जावं लागतं. मशीन पैसे घालून घेतलं आणि कपाटात पडलं असं होतं ते याच टप्प्यावर सोडल्यामुळे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करायचा पर्याय होता तो सुरू केला, एक छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीजवळ ठेवला. सबटायटल इंग्रजी चालत नाहीत त्यांना, म्हणून हिंदी सबटायटल असलेला सिनेमा शोधायचं काम नातीकडे. आणि घरातल्यांना एकच सांगितलं की ओरडू नका, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि उलट कळत नाही, समोर या, तोंड दिसू दे, जरा सावकाश बोला.

डिमेन्शियाच्या भीतीबद्दलही तिला खरं ते सांगितलं. आत्ता तसं काही दिसत नाही, पण कान असेच राहू देणं बरं नव्हतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीच्या (लॅन्सेट कमिशन) २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाच्या बदलता येण्यासारख्या ज्या १४ जोखमी दिल्यात, त्यात ऐकू कमी येणं आहे. म्हणून तुमच्या घरी कुणी असं एकाच सिनेमाशी चिकटून बसलं असेल तर पहिल्यांदा त्यांच्या पाठीमागून हळू आवाजात काहीतरी विचारून बघा. सिनेमा पुन्हा पुन्हा बघणं हा आजार नाही, पुढे काय होणार हे माहीत असलं की थकल्या मनाला बरं वाटतं, तुम्ही आम्हीही बघतोच की. पण रस्ता चुकणं, गॅस चालू राहणं, पैशाचे घोळ, किंवा सिनेमा काल बघितला हेच आठवत नसणं, यातलं काही असलं तर थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांना, दाखवा. आणि जर दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवण-झोप बिघडलीये, आवडता सिनेमासुद्धा नुसता चालू आहे आणि माणूस भिंतीकडे बघतंय, जगण्यात अर्थ नाही असं बोलतंय, तर ते नैराश्य असू शकतं. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, तिथे कुठल्याही वेळी फोन करता येतो.

सूनबाई सहा महिन्यांनी भेटली. शुक्रवारचा सिनेमा सुरू झालाय, काका मध्ये मध्ये थांबवायला लावतात, नात परत सांगते, दोन तासांचा सिनेमा तीन तास चालतो. म्हणाली, "पण ताई, बनवाबनवी अजून बघतातच, रविवारी दुपारी, एकटे. आणि तेव्हा मशीन काढून ठेवतात. लावायला सांगू का?"

मी म्हटलं, नको, राहू दे.