देशाला एक समान भाषा हवी, तर बाकीच्या भाषा टिकवायच्या कशा?

एवढ्या भाषांच्या देशात सगळ्यांना कळेल अशी एक भाषा ठरवावी का, आणि ठरवली तर मराठी-कानडीसारख्या भाषांचं काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते देशासाठी एक भाषा निवडायला बसूच नये. कोणत्या कामाला कोणती भाषा, एवढं ठरवावं. राज्यघटनेनं बऱ्याच अंशी हेच केलंय. ‘राष्ट्रभाषा’ हा दर्जा तिनं कुठल्याच भाषेला दिलेला नाही. कलम ३४३ मधली हिंदी ही केंद्राच्या कारभाराची भाषा. इंग्रजीची मुदत १९६५ ला संपणार होती; त्यानंतरही ती राहिली ती १९६३ च्या राजभाषा कायद्यामुळे, आणि १९६७ च्या दुरुस्तीनं ती पुढंही राहण्याची हमी पक्की झाली. शेजारी पाकिस्ताननं एकट्या उर्दूचा हट्ट धरला. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगालीसाठी आंदोलन करणाऱ्यांवर गोळीबार झाला, आणि पुढं देशच फुटला.

दोन माणसं आपल्या मर्जीनं व्यवहार करतात तिथं कायद्याची गरजच नसते. कोल्हापूरचा गूळ वर्षानुवर्षं गुजरातला जातो; सौदा कोणत्या भाषेत करायचा हे कुणी जीआर काढून सांगितलं नव्हतं. प्रश्न येतो तो माणसाला पर्याय नसतो तिथं: पहिलीचा वर्ग, सरकारी दवाखाना, कोर्ट, तहसील.

शाळेपासून सुरुवात करू. इचलकरंजीत मागावर कामाला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबांची मुलं आहेत, सीमेलगतच्या गावांत घरी कानडी बोलणारी मुलं आहेत. कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं. १९४९ सालीच शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत मोजमापही ठरलं: शाळेत अशी ४० किंवा एका वर्गात १० मुलं असली की शिक्षक द्यायचा. घोळ होतो तो मुलं विखुरल्यामुळे. एका शाळेत चार, दुसरीत पाच, तिसरीत तीन; दहाचा आकडा कुठंच भरत नाही. म्हणून दाखला घेतानाच घरची भाषा नोंदवायची, केंद्रप्रमुखानं (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी) सगळ्या शाळांची बेरीज करायची आणि वर्ग एकाच शाळेत भरवायचा.

तेही जमत नसेल तर पहिले काही महिने मराठी फक्त बोलण्या-ऐकण्यातून शिकवावी, वाचन नंतर. भोजपुरी घरातल्या मुलाला देवनागरी निदान पुढं हिंदीलाही उपयोगी पडते. कानडी घरातल्या मुलापुढं मात्र घरची लिपी, देवनागरी आणि पहिलीपासूनची इंग्रजी अशा तीन लिप्या येतात. मग मूल अक्षर लावून धडाधड वाचतं, आणि काय वाचलंस विचारलं की गप्प बसतं. म्हणूनच पहिलीपासून तिसरी भाषा (मुख्यतः हिंदी) आणणारे राज्य सरकारचे दोन्ही जीआर जून २०२५ मध्ये मागं घेतले गेले ते योग्यच झालं. हिंदी पाचवीपासून आहेच, आणि तोवर मुलाचं वाचन एका भाषेत तरी बसलेलं असतं.

कोर्टाचं दुखणं वेगळं आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. मुंबईची फेरी वाचली, पण कलम ३४८ मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीतच. सातबारा, फेरफार, पंचनामा सगळं मराठीत, आणि अशील सही करतो त्या प्रतिज्ञापत्रातला मजकूर त्याला वकिलाकडून समजून घ्यावा लागतो. यावर वाट आहे. कलम ३४८(२) नुसार राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीनं राज्यपाल राज्याच्या भाषेला उच्च न्यायालयात परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये हिंदीला अशी परवानगी आहे. निकाल राज्याच्या भाषेत दिला तर सोबत इंग्रजी भाषांतर द्यावंच लागतं, म्हणजे चेन्नईच्या वकिलालाही तो वाचता येतो. मराठीसाठी हे मागायचं तर आधी मराठी लघुलेखक आणि पक्की कायदेशीर परिभाषा हाताशी हवी, नाहीतर परवानगी कागदावरच राहील.

पोस्ट, बँका, रेल्वे इथं पाटी मराठी, हिंदी, इंग्रजी या क्रमानं असावी. फॉर्मही तिन्हींत मागा.

सीमेवरच्या लोकांसाठी एक महत्त्वाचं: केंद्राच्या १९५६ च्या निवेदनानुसार नगरपालिका किंवा तालुक्यात १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्य भाषेचे असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्याही भाषेत निघाल्या पाहिजेत. कर्नाटकातल्या निपाणीत आपण मराठी नोटीस मागतो ती याच जोरावर, आणि आपल्या हद्दीतल्या कानडी लोकांनाही तोच हक्क द्यायला हवा. कुठं अडलंच तर कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार देता येते. ती लेखी द्या, पोच घ्या आणि एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवा. ते पद कलम ३५०-ब खाली याच कामासाठी आहे.