वाचकांचे प्रश्न : बसने उंच पर्वतात, पुढे पायी

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी येत्या सुटीत बसने उंच पर्वतप्रदेशात जाऊन तिथून आठवडाभराचा ट्रेक करणार आहोत. ट्रेक जिथून सुरू होतो ते गाव ३,५०० मीटरवर आहे. विमानाने एकदम उंचावर जाण्यापेक्षा बस हळूहळू चढते, त्यामुळे विरळ हवेची सवय प्रवासातच होईल आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चालायला लागता येईल, असा आमचा हिशेब आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर : हा हिशेब बरोबर नाही आणि तो बदलावा, अशी कळकळीची विनंती आहे. बस विमानापेक्षा हळू चढते हे खरे. पण शरीराला जुळवून घेण्यासाठी जो वेळ लागतो, त्या मानाने तिचा वेगही फारच जास्त असतो. उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि ५,५०० मीटरच्या आसपास तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा उरतो. याची पहिली खूण बसमध्येच दिसते : घरी घट्ट बंद केलेली शाम्पूची बाटली वाटेत फुगते आणि झाकण उघडताच सांडते. प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन घटला, की शरीर श्वासाचा वेग लगेच वाढवते. परंतु त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात बाहेर पडून रक्ताची अल्कता (आम्लतेच्या उलट गुण) वाढते, आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा जादा अल्कधर्मी घटक बाहेर टाकून ती कमी करीपर्यंत श्वास हवा तितका वाढत नाही. या कामाला काही दिवस लागतात. बसमधली एक रात्र त्याला पुरत नाही.

पेरूमध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या लिमाहून रात्रीच्या बसने निघालेला प्रवासी सकाळी सुमारे ३,०५० मीटरवरच्या हुआराझला उतरतो, आणि वाटेत बस ४,००० मीटरची उंची गाठून आलेली असते. तो लगेच तिथल्या सांताक्रूझ नावाच्या ट्रेकला निघाला, तर दोन-तीन दिवसांत ४,७५० मीटरची खिंड त्याच्यासमोर उभी राहते. पाय कितीही तयारीचे असले, रोजचा धावण्याचा सराव असला, तरी त्याचा इथे उपयोग नाही. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे तंदुरुस्तीवरून ओळखता येत नाही, आणि धडधाकट माणसे वेगाने चढून जातात म्हणूनच पुष्कळदा अडचणीत येतात. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एव्हरेस्टच्या वाटेवरील ट्रेकर्सची पाहणी होती. विमानाने नेपाळच्या डोंगरातील लुक्ला या गावी उतरून पुढे निघालेल्यांपेक्षा खालून चालत आलेल्यांना हा त्रास कमी प्रमाणात झाल्याचे त्यात दिसले.

म्हणून बेत आखताना दिवसभरात किती चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो, हे मोजावे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच उंचीवर करावा, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. दिवसा त्याहून वर जाऊन खाली झोपायला येण्यास हरकत नाही. बसच्या वाटेवरचा मुक्कामही याच नियमाने निवडायचा असतो, आणि नेमके तिथेच पुष्कळांचे चुकते. मनालीहून लेहला जाताना सरचूला रात्र काढण्याची पद्धत आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तर सरचू ४,२०० मीटरच्याही वर आहे. म्हणजे ‘अर्ध्या वाटेवरचा मुक्काम’ प्रत्यक्षात शेवटच्या मुक्कामापेक्षा कितीतरी उंच पडतो, आणि दोन हजार मीटरवरच्या मनालीतून सकाळी निघालेली माणसे त्या रात्री डोके धरून बसतात. त्याऐवजी पहिली रात्र केलाँग किंवा जिस्पाला काढून दुसऱ्या दिवशी लांबचा पल्ला गाठलेला बरा. वाटेतल्या खिंडी उंच असल्या, तरी बस त्या ओलांडून पुन्हा खाली उतरते. श्रीनगर–कारगिलमार्गे गेल्यास चढ आणखी सौम्य होतो, कारण कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या आसपास होतो.

आपण चौघींनी वाटेत २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान निदान एक रात्र काढावी, ट्रेकच्या गावात दोन रात्री राहून आसपास सावकाश फिरावे आणि मग निघावे. रजा पुरत नसेल, तर ट्रेकचे दिवस कमी करावेत. विरळ हवेची सवय होण्यासाठीच्या या मुक्कामांना कात्री लावू नये.

प्रश्न : बसमध्ये मला नेहमीच मळमळते. तो त्रास बसचा की उंचीचा, हे कसे ओळखावे? प्रतिबंधक गोळी आणि रक्तातील ऑक्सिजन मोजणारे, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत असल्यावर काळजीचे कारण उरत नाही ना?

उत्तर : वळणांमुळे होणारी मळमळ बसमधून उतरल्यावर काही तासांत ओसरते. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे किंवा चक्कर, असे दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकून असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा आणि वर जाऊ नये. झोपेची गोळी किंवा मद्य घेऊन ती रात्र कशीबशी काढण्याचा विचार कटाक्षाने टाळावा. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

अॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर घडवून आणते. म्हणजे ते लक्षणे दडपत नाही, खरोखर मदत करते. प्रौढांना प्रतिबंधासाठी ते सहसा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास त्यांना आधी सांगावे. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत.

ऑक्सिमीटरवर मी फारशी भिस्त ठेवणार नाही. गारठलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो, आणि आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष होते. त्यापेक्षा सोबतच्या माणसाकडे पाहावे. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितल्यावर तो झोकांड्या देत असेल, किंवा असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यावी. स्वस्थ बसले असतानाही धाप लागत असेल आणि खोकला वाढत असेल, तर फुप्फुसांत पाणी साठत असण्याचा संभव असतो. हा आजार बहुधा उंचीवर पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री उद्भवतो. दोन्ही आजार जिवावर बेतणारे आहेत. ऑक्सिजन आणि औषधे असतील तर ती जरूर द्यावीत, पण त्यासाठी थांबून न राहता त्या माणसाला तत्काळ खाली न्यावे.

प्रश्न : बसच्या टपावर टाकायची आणि नंतर पाठीवर घ्यायची सॅक कशी भरावी?

उत्तर : सॅक आपल्या वजनाच्या एक पंचमांशाहून जड नसावी. बसमध्ये चढवण्यापूर्वी कमरेचा पट्टा उलटा फिरवून सॅकभोवती आवळावा आणि लोंबणारे सगळे बंद आत खोचावेत, म्हणजे ओढाताणीत बक्कल तुटत नाही. बाहेरच्या पावसाळी आवरणावर विसंबू नये; स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे आतल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतच असावेत. कागदपत्रे, औषधे, पाणी, टॉर्च आणि उबदार जॅकेट मात्र जवळच्या लहान पिशवीत हवे, कारण दरड कोसळून बस रात्रभर खिंडीत अडकली, तर टपावरचे सामान हाती लागत नाही. स्टोव्हचा गॅसचा डबा बसमध्ये नेऊ नये, तो पोहोचल्यावर घ्यावा.

प्रश्न : परतीचे तिकीट आधीच काढावे का?

उत्तर : काढायचे असल्यास ट्रेकच्या शेवटानंतर दोन मोकळे दिवस सोडून काढावे. बस सुटेल या घाईने दोन मुक्काम एकात उरकले जातात किंवा आजारी माणसाला पुढे रेटले जाते, आणि हे दोन्ही घातक आहे. ट्रेकच्या वाटेवरून मोटाररस्ता कुठे कुठे गाठता येतो आणि तिथून खाली जाणारी बस कोणत्या वारी, किती वाजता सुटते, हे निघण्यापूर्वी विचारून चौघींनीही लिहून ठेवावे. कोणाला उतरावे लागलेच, तर तिला एकटीला बसमध्ये बसवून देऊ नये. एक धडधाकट मैत्रीण खालच्या गावापर्यंत सोबत जावी.